पुरावा कायदा ज्याच्या हातचा, तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. मग जुना कायदा लिहिणाऱ्या स्टीफनबद्दल वाचण्यात आता काही अर्थ आहे का? तो नेमका कोण होता? आणि मेब्रिक खटल्यात एका बाईला फाशी सुनावून पुढे टीकेचा धनी झालेला न्यायाधीश तो हाच का?"

होय, तो हाच. आणि त्याच्याबद्दल वाचण्यात अर्थ आहे. आता तर जास्तच आहे.

मी गेली एकतीस वर्षं सत्र न्यायालयात फौजदारी कामं चालवतो, बहुतेक आरोपीच्या बाजूने. नवा कायदा लागू झाला त्या आठवड्यात दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसलो होतो. जुन्यात १६७ कलमं, नव्यात १७०. आरोपीच्या माहितीवरून निघालेल्या मुद्देमालाचं कलम २७ आता २३ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) गेलं आहे. मृत्यूपूर्व जबाब ३२ वरून २६ वर आला. गृहीतकांचं ११४ आता ११९ झालं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा भाग वाढला, इंग्रज राजवटीचे काही उल्लेख गेले. पण इमारत तीच आहे. 'वादातील तथ्य' आणि 'संबद्ध तथ्य' ही जोडी तीच, बहुतेक कलमांखालची उदाहरणंही तीच. सनद मिळाल्यावर तुम्ही न्यायालयात जी वाक्यं वाचून दाखवणार आहात, त्यातली बरीचशी दीडशे वर्षांपूर्वी या एका माणसाने बसवलेली आहेत. ती का लिहिली आणि कुणासाठी लिहिली, हे कळलं की युक्तिवादाला धार येते.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफनचा जन्म ३ मार्च १८२९ चा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. घर मसुदे लिहिणाऱ्यांचं. आजोबा गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले वकील, त्या चळवळीचा पुढारी विल्बरफोर्स याचे मेहुणे. वडील सर जेम्स वसाहत खात्यात होते आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा त्यांच्या हातचा. धाकटा भाऊ लेस्ली पुढे नामांकित लेखक झाला. व्हर्जिनिया वुल्फ ही त्या लेस्लीची मुलगी, म्हणजे आपल्या स्टीफनची पुतणी.

ईटनच्या शाळेत त्याला मोठ्या मुलांनी फार छळलं. दुबळं असणं म्हणजे दुःख भोगणं, हे आपण तिथे शिकलो, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. ही आठवण मी मुद्दाम सांगतो, कारण शक्तीवाचून व्यवस्था टिकत नाही ही त्याची धारणा जन्मभर सुटली नाही आणि त्याने लिहिलेल्या काही कायद्यांत ती स्पष्ट दिसते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याची हेन्री मेनशी ओळख झाली. पुढे हा मेन हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य झाला आणि त्याची जागा स्टीफनने घेतली.

१८५४ साली तो इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाला. सुरुवातीला काम बेताचं होतं. घर चालायचं ते वर्तमानपत्रांतल्या लेखनावर, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. हाताला जो वेग आला तो तिथला. १८६३ मध्ये त्याने इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात नमुन्यादाखल काही खरे खटले सविस्तर दिले होते, त्यांत डॉ. स्मेथर्स्टचा १८५९ चा खटलाही होता. विष घातल्याचा आरोप, तज्ज्ञांची परस्परविरोधी मतं, ज्युरीने दोषी ठरवलेलं. खटल्यातच उघड झालं होतं की सरकारी रसायनतज्ज्ञाला सापडलेलं आर्सेनिक त्याच्याच चाचणीत वापरलेल्या तांब्याच्या जाळीतून आलेलं. स्मेथर्स्टला खुनाच्या शिक्षेतून माफी मिळाली. हा खटला लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडेल.

डिसेंबर १८६९ मध्ये स्टीफन कलकत्त्याला उतरला आणि एप्रिल १८७२ मध्ये परतला. मधली जेमतेम अडीच वर्षं. फेब्रुवारी १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा अंदमानात खून झाला आणि त्याच धामधुमीत, पुढच्याच महिन्यात, पुरावा कायदा मंजूर झाला. १८७२ सालचा पहिला कायदा तो. नववा करार कायदा. दहावा फौजदारी प्रक्रिया संहिता. यातला करार कायदा आजही चालू आहे. तुमच्या घरभाड्याच्या करारापासून कारखान्याच्या पुरवठ्यापर्यंत सगळं त्याच्यावर उभं आहे. पण त्याचा मूळ मसुदा लंडनच्या कायदा आयोगाचा, स्टीफनने तो फिरवून, काही भाग गाळून मंजूर करून घेतला. त्याच वर्षीच्या विशेष विवाह कायद्याची मागणी ब्राह्मो समाजाची होती. या दोन्हींवर मी थांबत नाही. त्याचं स्वतःचं म्हणता येईल असं काम पुरावा कायदा हेच.

इंग्लंडात पुराव्याचा कायदा म्हणजे निकालांचा ढिगारा होता. कुठल्या न्यायाधीशाने कुठल्या वर्षी काय म्हटलं, हे पिढ्यान्पिढ्या साचत गेलेलं. त्याला आधार ज्युरीचा: अडाणी बारा जणांच्या कानावर काय पडू द्यायचं आणि काय नाही. इथे मुफसलात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या जिल्ह्यांत, बहुतेक ठिकाणी ज्युरीही नव्हती आणि ग्रंथालयही नव्हतं. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे खेड्यातले साक्षीदार, दोन कारकून आणि टेबलावर चार पुस्तकं. कायदा आयोगाने १८६८ मध्ये एक मसुदा पाठवला होता, पण तो ज्याला इंग्लिश कायदा आधीच ठाऊक आहे त्यालाच समजावा असा होता. स्टीफनने तो बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिला. त्या मॅजिस्ट्रेटला दुसरं पुस्तक उघडावं लागू नये, हे त्याचं ध्येय होतं.

त्यासाठी त्याने काय केलं ते कलम ६ मध्ये पाहा (आता ४). इंग्लिश वकील ज्याला 'रेस जेस्टे' म्हणत, तो लॅटिन शब्द कलमात कुठेही नाही. त्याऐवजी साधं वाक्य आणि खाली उदाहरण: अमुक माणसाने अमुक माणसाला मारहाण करून ठार केल्याचा आरोप आहे, मारहाणीच्या वेळी, किंवा तिच्या इतक्या थोडं आधी वा नंतर की ते एकाच घटनेचा भाग ठरावं, आरोपी, मयत किंवा बघे जे बोलले किंवा ज्यांनी जे केलं ते संबद्ध आहे. झालं. पुढच्या कलमात झटापटीने जमिनीवर उमटलेल्या खुणा. त्याच्या पुढच्यात, विषप्रयोगाच्या आधी आरोपीने तसलंच विष मिळवलं होतं ही गोष्ट. ही उदाहरणं म्हणजे कलमाचा अर्थ मोजायची मापं आहेत, आणि शब्दांवर वाद झाला तर न्यायालय अजून त्यांच्याकडेच वळतं. बरेच विद्यार्थी उदाहरणं गाळून कलमं पाठ करतात. तसं करू नका.

आता कलम २५, २६, २७. आरोपीने पोलिसापुढे दिलेली कबुली चालत नाही, पण त्याच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरती माहिती चालते. हे नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून आले, पण स्टीफनने ते पुरावा कायद्यात आणून बसवले, आणि त्यामागचं कारण त्याला नेमकं ठाऊक होतं. फौजदारी कायद्याच्या इतिहासाच्या त्याच्या तीन खंडी ग्रंथात (१८८३) एक तळटीप आहे. हिंदुस्थानातले पोलीस कैद्यांना का छळतात, यावर चर्चा चालली असताना एका अनुभवी अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की यात आळसाचा भाग मोठा आहे; उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत लाल तिखट चोळणं जास्त सुखाचं. हा विचार आपल्याला नवा होता, पण तो खरा आहे याबद्दल शंका नाही, असं स्टीफनने पुढे नोंदवलं आहे.

हे वाक्य मला अनेक खटल्यांत उभं राहताना आठवलं आहे. एका खुनाच्या खटल्यातला निवेदन पंचनामा असा होता: "मी ज्या कोयत्याने त्याला मारलं, तो ओढ्याकाठच्या बाभळीखाली पुरला आहे, चला, काढून देतो." यातलं पुराव्यात काय येतं? कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९४६ च्या अखेरीस जे सांगितलं ते पक्कं धरा: "कोयता बाभळीखाली पुरला आहे, काढून देतो" एवढंच. "ज्याने त्याला मारलं" हा तुकडा बाहेर, कारण त्या तुकड्यामुळे काही सापडलेलं नाही. कोयता तिथे होता हे त्याला ठाऊक होतं, इतकंच सिद्ध होतं. त्या खटल्यात पंच उलटतपासात म्हणाला, झाड लिंबाचं होतं. मी विचारलं, ओढा डावीकडे की उजवीकडे? ओढा आठवत नाही, म्हणाला. शेवटी त्याने सांगितलं की सही पोलीस ठाण्यातच झाली. आरोपी सुटला. ज्याने कलम लिहिलं त्याला डोळ्यांतलं तिखट माहीत होतं, म्हणूनच ती जागा इतकी अरुंद ठेवली आहे. सरकारी पक्ष ती रुंद करायला बघणारच. तुम्ही ती अरुंदच राखायची.

त्याच्या कामात खोटही होती आणि ती दाखवली ती मुंबई इलाख्यातल्या एका माणसाने. कुठलं तथ्य संबद्ध, या प्रश्नाला स्टीफनने कार्यकारणाचा सिद्धान्त लावला होता. मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधल्या व्हिटवर्थ नावाच्या अधिकाऱ्याने १८७५ मध्ये मुंबईत छोटी पुस्तिका छापून दाखवलं की ही व्याख्या कुठे नको इतकी सैल आहे, कुठे नको इतकी आखूड. तोवर स्टीफन इंग्लंडात नावाजलेला विद्वान झाला होता. त्याने ती पुस्तिका वाचली, आपली चूक मान्य केली आणि पुढच्या वर्षी निघालेल्या पुरावा कायद्याच्या आपल्या सारग्रंथात व्हिटवर्थची व्याख्या थोडा फेरफार करून घेतली, तीही त्याचं नाव घेऊन. माणूस म्हणून स्टीफनबद्दल मला जो आदर आहे, तो या प्रसंगामुळे.

आता दुसरी बाजू. ही आपल्याकडे पुरावा कायदा शिकवताना कुणी सांगत नाही, कारण ती दुसऱ्या विषयाच्या तासाला येते आणि तिथे कर्त्याचं नाव निघत नाही.

भारतीय दंड संहितेतलं राजद्रोहाचं कलम १२४अ स्टीफननेच आणलं, १८७० साली. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात तसं कलम होतं, पण १८६० ची संहिता मंजूर झाली तेव्हा ते गळलं होतं. ते चुकून राहिलं, असं सांगत स्टीफनने दुरुस्ती मांडली. सरकारबद्दल 'अप्रीती' चेतवील त्याला जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंतची शिक्षा. खाली एक स्पष्टीकरण जोडलं: सरकारच्या उपायांबद्दलची नापसंती, ती कायदेशीर सत्तेचं पालन करण्याच्या वृत्तीशी सुसंगत असेल तर, अप्रीती नव्हे. त्याला वाटलं, वर्तमानपत्रांच्या टीकेला एवढं कुंपण पुरे.

ते पुरलं नाही. सप्टेंबर १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर 'केसरी'तल्या मजकुरासाठी याच कलमाखाली खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. एवढं म्हटलं की स्पष्टीकरणाचं कुंपण कोसळलंच, कारण परक्या सरकारवर प्रीती नसणं हाच गुन्हा झाला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी, अठरा महिने सक्तमजुरी. पुढच्या वर्षी सरकारने कलमच दुरुस्त करून आणखी रुंद केलं. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे पुन्हा तेच कलम, सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. दावर यांनीच १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी अर्ज चालवला होता.

स्टीफन १८९४ मध्येच वारला, त्यामुळे यातलं त्याने काही पाहिलं नाही. पण त्याची जबाबदारी मला कमी वाटत नाही. स्वतः न्यायाधीश असताना, कारकिर्दीच्या अगदी अखेरीला, कॅस्टिओनी या स्विस माणसाच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात त्याने कायद्याच्या मसुद्याबद्दल सांगितलं आहे: प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला कळेल इतकं नेमकं लिहून भागत नाही, खोट्या मनाने वाचणाऱ्यालाही विपर्यास करता येणार नाही, इतकं नेमकं लिहिता आलं तर लिहावं. मसुदा लिहिणाऱ्यांसाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. २७ व्या कलमाला ती लावा, ते टिकतं. १२४अ ला लावा, पहिल्याच शब्दाला फसतं. पोलिसावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तिथे शब्द आवळून लिहिले. सरकारवर विश्वास होता, म्हणून इथे सैल सोडले. मुफसलचा मॅजिस्ट्रेट चुकेल हे त्याने गृहीत धरलं. उच्च न्यायालयातला इंग्रज न्यायाधीश सरकारच्या बाजूने झुकेल हे गृहीत धरलं नाही.

तो कायदा सदस्य असतानाच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला. आधी उत्तरेकडचे प्रांत, मग पसरत पसरत १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्यात आला. पारध्यांसारख्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेऱ्या लावल्या गेल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. फासेपारधी आरोपीचं काम माझ्याकडे आलं की पहिली लढाई अजूनही त्याच जुन्या गृहीतकाशी असते: चोरी झाली, पाल जवळ होतं, उचला. तथ्य आधी सिद्ध करा आणि मग माणसाला दोषी धरा, हे पुरावा कायद्याचं सूत्र. त्याच्याच कारकिर्दीत नेमका याच्या उलट कायदा झाला, हे विसरून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही.

त्याची राजकीय भूमिका त्याने लपवलीही नाही. परतीच्या बोटीवर त्याने तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक विचारांविरुद्ध लेख लिहिले, त्यांचं १८७३ मध्ये पुस्तक झालं. माणसांना सक्तीवाचून वळण लागत नाही, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी डंडीतून उदारमतवादी पक्षातर्फे संसदेला उभा राहिला आणि पडला. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून (हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवू देणाऱ्या विधेयकावरून) रान पेटलं तेव्हा १ मार्चच्या टाइम्समध्ये त्याचं पत्र आलं: हिंदुस्थानातलं ब्रिटिश राज्य हे मुळात निरंकुश राज्य आहे, संमतीवर नव्हे तर जिंकण्यावर उभं आहे. काँग्रेस स्थापन व्हायला तेव्हा तीन वर्षंही राहिली नव्हती.

इंग्लंडात परतल्यावर त्याला वाटलं, हिंदुस्थानात जमलं ते घरीही जमेल. त्याने फौजदारी कायद्याचा सारग्रंथ लिहिला (१८७७), सरकारने त्यावरून संहिता करायला सांगितलं, मग ब्लॅकबर्न, बॅरी आणि लश या न्यायाधीशांबरोबर बसून १८७९ मध्ये पूर्ण मसुदा तयार झाला. संसदेत तो कधी मंजूर झाला नाही. कॅनडाने १८९२ मध्ये आणि न्यूझीलंडने १८९३ मध्ये त्याच्या आधारे आपापल्या संहिता केल्या. इंग्लंडला मात्र आजतागायत फौजदारी संहिता नाही. त्या मसुद्यातल्या दोन तरतुदी ध्यानात ठेवा: आरोपीला स्वतःच्या बाजूने साक्ष देता यावी, आणि फौजदारी निकालावर अपील असावं. दोन्ही तेव्हा इंग्लंडात नव्हत्या.

जानेवारी १८७९ मध्ये तो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि बारा वर्षं राहिला. त्याचे काही निकाल आजही शिकवले जातात. १८८४ मध्ये कार्डिफला विल्यम प्राइस नावाच्या म्हाताऱ्या वेल्श डॉक्टरवर खटला होता. त्याने आपल्या मेलेल्या तान्ह्या मुलाला डोंगरावर अग्नी दिला होता. सार्वजनिक उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं गुन्हा नाही, असं स्टीफनने ठरवलं आणि इंग्लंडात दहनाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी कॉक्स आणि रेल्टन खटल्यात त्याने सांगितलं की गुन्हा करण्यासाठीच वकिलाचा सल्ला घेतला असेल तर अशील-वकील गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही. हेच तो बारा वर्षांपूर्वी आपल्या कलम १२६ च्या परंतुकात लिहून गेला होता.

१८८७ मध्ये लिप्स्की खटला. लंडनच्या पूर्व भागातल्या एका ज्यू तरुणावर त्याच घरात राहणाऱ्या बाईला तोंडात नायट्रिक आम्ल ओतून मारल्याचा आरोप. ज्युरीने दोषी ठरवलं, पण निकालानंतर वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली आणि स्टीफनच्या मनातही शंका उभी राहिली. गृहमंत्र्याबरोबर बसून त्याने सगळा पुरावा पुन्हा चाळला. फाशीच्या आदल्या दिवशी लिप्स्कीने कबुली दिली. तोवर अपील नसलेल्या व्यवस्थेत एका माणसाच्या जिवाचा निर्णय एका खोलीत, दोघांच्या तब्येतीवर आणि स्मरणशक्तीवर टांगलेला होता. आणि स्टीफनची तब्येत १८८५ पासून ढासळू लागली होती. त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

अशा अवस्थेत १८८९ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मेब्रिक खटला त्याच्यापुढे आला. जेम्स मेब्रिक हा कापसाचा व्यापारी ११ मे ला मेला. बायको फ्लॉरेन्स, अमेरिकन, त्याच्याहून बरीच लहान. तिने माश्या मारायचे कागद पाण्यात भिजत घातलेले मोलकरणींनी पाहिले होते. त्या कागदांत आर्सेनिक असे. तिचं म्हणणं, ते चेहऱ्याच्या लेपासाठी. दुसरीकडे, मेब्रिकला स्वतःलाच टॉनिक म्हणून आर्सेनिक घ्यायची सवय होती. प्रेतात सापडलेली मात्रा मृत्यू घडवण्याइतकी नव्हती. डॉक्टरांची मतं फुटली होती. आणि तिचे एका परपुरुषाशी संबंध होते.

सर चार्ल्स रसेल तिचे वकील. तिला शपथेवर साक्ष देता येत नव्हती. शपथेविना एक निवेदन तेवढं केलं. स्टीफनचं ज्युरीला सारांश सांगणं दोन दिवस चाललं. तारखांची गल्लत झाली. दुसऱ्या दिवशी सूर बदलला आणि भर तिच्या व्यभिचारावर आला: स्वतःच्या दुराचारासाठी मोकळी व्हावी म्हणून नवरा मरत असताना ही बाई त्याच्याविरुद्ध कट करत होती, या विचाराची भयानकता त्याने ज्युरीपुढे उभी केली. पाऊण तासाच्या आत ज्युरी परतली. दोषी. स्टीफनने फाशी सुनावली.

एवढा गदारोळ झाला की गृहमंत्र्याला शिक्षा बदलावी लागली. त्याचं कारण नीट वाचा: तिने मारण्याच्या हेतूने आर्सेनिक दिलं किंवा द्यायचा प्रयत्न केला, पण मृत्यू आर्सेनिकनेच झाला का याबद्दल वाजवी शंका आहे. म्हणजे ज्या खुनासाठी खटला चालला तो शंकास्पद, आणि ज्या प्रयत्नासाठी खटलाच चालला नाही त्यासाठी जन्मठेप. ती १९०४ मध्ये सुटली. आरोपीच्या साक्षीचा कायदा १८९८ मध्ये आला, फौजदारी अपील न्यायालय १९०७ मध्ये. दोन्ही स्टीफनच्या १८७९ च्या मसुद्यात होतं. संसदेने तो तेव्हा मंजूर केला असता तर फ्लॉरेन्स मेब्रिकला दोन्हींचा आधार मिळाला असता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तिने मारलं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या पुराव्यावर तिला दोषी धरायला नको होतं. स्टीफनलाही ते बोचत असावं. १८९० मध्ये पहिल्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना त्याने लिहिलं की १८८५ ते १८८९ या काळात आपल्यापुढे चाललेल्या ९७९ खटल्यांपैकी तथ्यांबद्दल शंका घेता येईल असा हा एकच. तीस वर्षांपूर्वी ज्या तरुणाने स्मेथर्स्टचा खटला ओळीओळीने तपासला होता, तो त्या वेळी लिव्हरपूलच्या कोर्टात हजर असायला हवा होता.

एप्रिल १८९१ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढच्या फेब्रुवारीत त्याचा गुणी मुलगा, कवी जे. के. स्टीफन, डोक्याच्या जुन्या दुखापतीनंतर वेड लागून गेला. ११ मार्च १८९४ ला इप्सविचला स्टीफन वारला. आणखी एक मुलगा हॅरी नंतर कलकत्ता उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि बापाने लिहिलेल्या कायद्यावर निकाल देत बसला.

आता वाचायला कुठून सुरुवात करायची? कलम १६५ पासून, म्हणजे नव्या १६८ पासून. न्यायाधीशाला कुणालाही, केव्हाही, कसलाही प्रश्न विचारता येतो, हा त्यातला अधिकार सगळ्यांना पाठ असतो. त्याच्याखालचं पहिलं परंतुक फार कमी जण वाचतात: निकाल मात्र या कायद्याने संबद्ध ठरवलेल्या आणि रीतसर सिद्ध झालेल्या तथ्यांवरच आधारलेला असला पाहिजे. हे वाक्य १८७२ मध्ये स्टीफनने लिहिलं. न्यायाधीश आरोपीच्या चारित्र्याकडे वळले की मी उठून तेवढंच वाचून दाखवतो आणि खाली बसतो.